वादळानंतरचे परसातील तळे : नुकसान, दुरुस्ती आणि हिशेब

चक्रीवादळानंतर जे पंचनामे होतात त्यांत घरे, उभी पिके, गुरे, होड्या आणि जाळी यांची नोंद होते. घरामागच्या दोन-चार गुंठ्यांच्या तळ्याची दखल मात्र अभावानेच घेतली जाते. पश्चिम बंगाल आणि ओडिशाच्या किनारी भागात असे तळे, ज्याला बंगालमध्ये पुकुर आणि ओडिशात पोखरी म्हणतात, हे ग्रामीण कुटुंबाच्या संसाराचे एक अंगच असते. घर बांधताना जोत्यासाठी माती काढली जाते, त्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठते आणि त्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. त्याच पाण्यात भांडी घासली जातात, आंघोळी होतात, बदके पोहतात आणि काठावरच्या भाजीपाल्याला तेच पाणी घातले जाते. पाहुणा आला की जाळे टाकायचे, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा किंवा औषधपाण्याचा खर्च निघाला की चार-पाच किलो मासळी बाजारात न्यायची, असा हा व्यवहार असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हे तळे म्हणजे एकाच वेळी अन्नाचे कोठार, पाण्याची टाकी आणि बचत खाते होय. वादळ या तिन्हींवर एकाच रात्री घाला घालते.

सुंदरबनचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. भारतीय सुंदरबनातील १०२ बेटांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे. उत्तर आणि दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यांतील १९ विकास गट या प्रदेशात येतात आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ४४ लाख होती. बेटांची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीच्या मातीच्या बांधांनी ती राखलेली आहे. २५ मे २००९ रोजी आलेल्या आयला वादळात यांपैकी ७७८ किलोमीटर बांधांचे नुकसान झाले. त्यानंतर बुलबुल (९ नोव्हेंबर २०१९), अम्फान (२० मे २०२०), यास (२६ मे २०२१) आणि रेमाल (२६ मे २०२४) या वादळांनी याच प्रदेशाला कमी-अधिक तडाखे दिले. एका पिढीच्या आत इतक्या वेळा मोडलेले तळे पुन्हा उभे करायचे, तर त्याची पद्धत आणि त्याचा खर्च या दोन्ही गोष्टी नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

वारा वेगळा, पाणी वेगळे

वादळाने तळ्याचे नुकसान झाले, असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात नुकसानीचे दोन वेगळे प्रकार असतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात. अम्फान जमिनीवर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १५५ ते १६५ किलोमीटर होता. बांध फुटले तेथे खारे पाणी शिरलेच. परंतु ज्या गावांत बांध टिकले, तेथेही तळ्यांत नारळ, सुपारी, शिरीष आणि बांबू यांचा पाला, फांद्या, क्वचित अख्खी झाडे कोसळली. हिरवा पाला पाण्यात कुजू लागला की कुजवणारे सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू झपाट्याने वापरतात. माशांच्या वाढीसाठी लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असावा लागतो. तो ३ च्या खाली गेला की मासे अस्वस्थ होतात आणि एकच्या जवळ आला की मरू लागतात. पाणी चहासारखे तांबूस आणि पुढे काळे पडते, त्याला सडका वास येतो. वादळ शमल्यावर आनंदात असलेल्या कुटुंबाला तीन-चार दिवसांनी सकाळी पांढऱ्या पोटाचे मासे तरंगताना दिसतात, याचे कारण हेच.

यास वादळाची तऱ्हा उलट होती. त्याचा मध्य ओडिशात, धामरा आणि बालासोर यांच्या दरम्यान जमिनीवर आला. सुंदरबनात वारा तुलनेने सौम्य होता. पण त्या दिवशी पौर्णिमा होती. उधाणाची भरती आणि वादळाने ढकललेले पाणी एकत्र आले, बांधांवरून लाटा उलटल्या आणि वाऱ्याने एक फांदीही न मोडलेल्या परसांतील तळी खाऱ्या पाण्याने भरली. वाऱ्याच्या वेगावरून नुकसानीचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेला अशा वेळी तळ्यांची हानी दिसतच नाही.

पाणी काठावरून वाहिले की आणखी एक नुकसान होते. वाढलेले मासे बाहेर निघून जातात आणि त्यांच्या जागी बाहेरचे मांसाहारी मासे आत येतात. पाणी ओसरल्यावर तळे वरकरणी सुस्थितीत दिसते. त्यात नव्याने सोडलेली बोटुकली मात्र महिन्याभरात फस्त होते आणि दोष बियाण्याला दिला जातो.

पहिले तीन-चार दिवस

मासे जिवंत असलेल्या, परंतु पाल्याने भरलेल्या तळ्यात पहिले काम एकच : पाला आणि फांद्या बाहेर काढणे. त्याआधी पाण्यात किंवा काठावर विजेची तार तुटून पडलेली नाही, याची खात्री करून घेतली पाहिजे. फांद्यांच्या ढिगात सापही आश्रयाला आलेले असतात. पाला कुजून तळाशी बसण्यापूर्वी, म्हणजे साधारण दोन दिवसांत काढला तर बरेच मासे वाचू शकतात. या काळात माशांना खाद्य देणे आणि पाण्यात शेण टाकणे पूर्णपणे थांबवावे, कारण दोन्ही गोष्टी प्राणवायूवरचा ताण वाढवतात.

मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर प्राणवायू संपत आल्याची ती खूण आहे. रात्रभर वनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत धोक्याची असते. वादळानंतर वीज नसतेच. अशा वेळी बांबूने पाणी झोडपणे, कळशीने उंचावरून पाणी ओतणे किंवा शेजारचा डिझेल पंप आणून तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे तळ्यात परत सोडणे, हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत.

चुन्याच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. तळ्याला चुना चांगला, हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून पाणी काळे पडताच पोतेच्या पोते ओतले जाते. कुजणाऱ्या पाल्यातून आणि मेलेल्या माशांतून पाण्यात अमोनियम साठलेले असते. चुन्याने पाण्याची अल्कता एकदम वाढली की त्याचे रूपांतर माशांना विषारी अशा अमोनियात होते. मासे जिवंत असतील तर आधी घाण काढावी आणि मग चुना थोडाथोडा, पाण्यात कालवून व थंड करून, दोन-तीन दिवसांच्या अंतराने द्यावा. साधारण प्रमाण एका डेसिमलला, म्हणजे सुमारे ४० चौरस मीटरला, एक किलो असे आहे. ब्लीचिंग पावडरचा मोह तर पूर्ण टाळावा. पिण्याच्या पाण्यासाठी वाटलेली ही पावडर जिवंत मासळी असलेल्या तळ्यात टाकली, तर वादळातून वाचलेले मासेही मरतात. तिचा उपयोग मेलेले मासे घरापासून आणि पाण्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरताना चुन्याबरोबर करावा. हे मासे खाणे किंवा वाळवून विकणे धोक्याचे आहे, हे निराळे सांगायला नको. पण चार दिवस चूल न पेटलेल्या घरात हा सल्ला पाळणे किती कठीण असते, याचीही जाणीव असावी. मदतीच्या शिध्याची वेळ तळ्याच्या प्रश्नाशी अशी जोडलेली असते.

चार टन मीठ

खाऱ्या पाण्याने भरलेल्या तळ्याचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. पाच डेसिमलचे, म्हणजे सुमारे २०० चौरस मीटरचे आणि एक मीटर खोलीचे तळे घेतले तर त्यात २०० घनमीटर पाणी मावते. शिरलेल्या पाण्यात लिटरमागे २० ग्रॅम क्षार असतील (समुद्रात ते ३५ च्या आसपास असतात), तर त्या एका तळ्यात चार टन मीठ येऊन पडलेले असते. रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातील माशांची वाढ लिटरमागे ५ ग्रॅमच्या वर सामान्यतः खुंटते आणि ८ च्या पुढे त्यांना तग धरणे कठीण जाते.

हे मीठ आपोआप जात नाही. पाणी बाष्प होऊन उडते, मीठ मागे राहते. जमिनीखालचे उथळ पाणी सुंदरबनात बहुतेक ठिकाणी खारेच असते आणि गोड्या पाण्याच्या खोल कूपनलिका पिण्यासाठी राखून ठेवाव्या लागतात. त्यामुळे तळे धुण्यासाठी गोडे पाणी एकाच ठिकाणाहून येऊ शकते, ते म्हणजे आकाशातून. यातही एक मेख आहे. खारे पाणी जड असते आणि पावसाचे गोडे पाणी हलके. शांत तळ्यात पावसाचे पाणी वर तरंगते, तळे भरले की हेच वरचे गोडे पाणी काठावरून वाहून जाते आणि खारे पाणी तळाशी तसेच राहते. भरपूर पाऊस होऊनही तळे गोड का झाले नाही, याचे कोडे पुष्कळ घरांना पडते. त्याचे उत्तर या दोन थरांत आहे.

म्हणून उपसा नेहमी तळाकडून करावा. पंपाचे तोंड तळाशी ठेवून आधी शक्य तितके पाणी काढून टाकावे. सेकंदाला दहा लिटर पाणी उपसणारा साधा डिझेल पंप असेल तर वरील आकाराचे तळे साडेपाच-सहा तासांत रिकामे होते. पूर्ण उपसा शक्य नसेल तर निम्मे पाणी काढून पावसाने भरू द्यावे आणि पुन्हा निम्मे काढावे. पाणी चांगले मिसळत असेल तर दर खेपेला क्षार निम्मे होत २० वरून १०, मग ५, मग अडीच अशा क्रमाने उतरतात. काठात प्लॅस्टिकचा नळ बसवून त्याचे आतले तोंड वाकवून तळापर्यंत नेले, तर पावसाळ्यात तळे भरून वाहताना खालचे खारे पाणी बाहेर पडते. दोन-तीनशे रुपयांच्या नळाने जे साधते ते पुष्कळदा हजारो रुपयांच्या डिझेलने साधत नाही.

उपसलेले पाणी टाकायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. आणि येथे एका घरापुरता विचार अपुरा पडतो. शेजाऱ्याच्या भातखाचरात ते सोडता येत नाही. ते कालव्यातून नदीकाठच्या दरवाजापर्यंत जाऊन ओहोटीच्या वेळी नदीत पडले पाहिजे. कालवा गाळाने भरलेला असेल किंवा बांधाचे भगदाड बुजलेले नसेल, तर दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत येत राहते आणि सकाळी उपसलेले तळे दुपारी पुन्हा भरते. बांध, दरवाजा, कालवा आणि मग तळी असा क्रम पाळावाच लागतो. एकेकट्या कुटुंबाला दिलेले पंपभाडे हा क्रम मोडला की वाया जाते. याउलट पाड्यातील सर्व तळी एकाच आठवड्यात, एकाच कालव्यातून रिकामी करण्याचे ठरले तर तेच पैसे दुप्पट कामी येतात.

रिकामे झालेले तळे आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावे, तळाला भेगा पडू द्याव्यात. वरचा काळा, खारवलेला गाळ काढावा. हा गाळ भाजीच्या वाफ्यात घालू नये आणि काठाच्या आतल्या उतारावरही टाकू नये, कारण पहिल्याच पावसात त्यातील मीठ तळ्यात परत येते. तळे आटवून वाळवता आले तर बाहेरचे मांसाहारी मासे वेगळे मारावे लागत नाहीत. तसे शक्य नसेल तर मोहाची पेंड वापरली जाते. एक मीटर खोल पाण्यासाठी हेक्टरी अडीच हजार किलो, म्हणजे आपल्या तळ्याला ५० किलो पेंड लागते. तिच्यातील सॅपोनिन या द्रव्याने मासे मरतात, त्याचा विषारीपणा दोन ते तीन आठवड्यांत ओसरतो आणि पेंड पुढे खताचे काम करते.

मे आणि नोव्हेंबर

बंगालच्या उपसागरातील वादळांचे दोन हंगाम आहेत : पावसाळ्यापूर्वीचा, मुख्यतः मे, आणि पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर. तळ्याच्या दृष्टीने हे दोन हंगाम म्हणजे दोन निराळी संकटे होत. मदतीचे नियम मात्र दोन्हींना एकच मानतात.

मे महिन्यात नद्यांची क्षारता वर्षातील सर्वाधिक असते. मात्र तळ्यात पाणी आणि मासळी दोन्ही कमी असतात, कारण गतवर्षीची बरीच मासळी काढून झालेली असते. मुख्य म्हणजे पाऊस समोर उभा असतो. दक्षिण बंगालमध्ये मान्सून साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो आणि जून ते ऑगस्ट हाच मत्स्यबीजाचाही हंगाम आहे. आयला, अम्फान, यास आणि रेमाल ही चारही वादळे २० ते २६ मे या आठवड्यात आली. म्हणजे उपसा, वाळवण आणि चुना यांसाठी हाती सुमारे अडीच-तीन आठवडे होते. ही मुदत साधली तर त्याच वर्षी तळ्यात पुन्हा मासळी वाढू शकते. चुकली तर पाऊस भरलेल्या खाऱ्या तळ्यावर पडतो आणि वर सांगितलेली दोन थरांची अडचण सुरू होते. मे महिन्यातील वादळानंतर तळ्यासाठी येणारा पैसा जुलैत आला तर त्याची किंमत निम्म्याहूनही कमी झालेली असते.

नोव्हेंबरचे गणित उलटे असते. नद्यांचे पाणी पावसामुळे तुलनेने कमी खारट असते, पण तळ्यात वर्षभर वाढवलेली मासळी विक्रीच्या तोंडावर असते. सारी गुंतवणूक झालेली आणि उत्पन्न हाती न आलेले, अशी ती वेळ. शिवाय पुढचा पाऊस सात महिने दूर असतो, बाष्पीभवनाने क्षारता वाढत जाते आणि ताजे बीज मिळत नाही. बुलबुल वादळानंतर तळे गमावलेल्या कुटुंबाला पुढच्या जूनची वाट पाहणे भाग होते. त्याआधीच मे २०२० मध्ये अम्फान आले.

मदतीच्या उत्साहात एक चूक वारंवार होते. तळे तयार होण्यापूर्वीच बोटुकली वाटली जाते. वाटपाचा कार्यक्रम होतो, आकडे अहवालात जातात आणि खाऱ्या किंवा कुजक्या पाण्यात सोडलेली पिल्ले आठवड्यात मरतात. हे टाळण्याची कसोटी फार स्वस्त आहे. तळ्याचे एक लिटर गाळलेले पाणी आटवून उरलेला क्षार किराणा दुकानातील बारीक काट्यावर तोलला तर क्षारतेचा ढोबळ अंदाज येतो. त्यानंतर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांबूंना बांधून पाण्यात सोडावी आणि तिच्यात दहा बोटुकल्या दोन दिवस ठेवाव्यात. त्या तगल्या तरच बाकीचे बीज सोडावे.

पाणी गोड होईपर्यंत तळे रिकामेच ठेवायला हवे असे नाही. तिलापिया, बोयरांच्या कुळातील पार्शे, भेटकी आणि मिशांची छोटी नोना टेंगरा या माशांना मध्यम खारे पाणी चालते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेचे एक संशोधन केंद्र सुंदरबनच्या दाराशी, काकद्वीप येथे आहे आणि नोना टेंगऱ्याचे बीज घरगुती पातळीवर तयार करण्याचे तंत्र त्या केंद्राने विकसित केले आहे. बंगालची भेटकी म्हणजे कोकणातील जिताडा. रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेणच्या खारेपाटात जिताड्याचे घरचे तळे राखण्याची आणि सणासुदीला तो मासा भेट देण्याची रीत जुनी आहे. खाडीचे पाणी उघाडीतून हवे तेव्हा आत घेणारा हा शेतकरी खाऱ्या पाण्याला शत्रू मानत नाही. सुंदरबनात मात्र तळ्याचे पाणी भांडी, कपडे, गुरे आणि भाजीपाला या सर्वांसाठी लागते. त्यामुळे खाऱ्या पाण्यातील मासळी हा तेथे एखाद्या वर्षाचा तोडगा ठरतो. तळे कायमचे निमखारे करून टाकण्याचा सल्ला देणाऱ्यांनी घरातील स्त्रीला पाण्यासाठी आणखी किती चालावे लागेल, हेही हिशेबात धरावे.

खर्च कोठे होतो

वरील २०० चौरस मीटरच्या तळ्याचा खर्च मांडला तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. पाच-दहा किलो चुना, लागल्यास ५० किलो पेंड, हेक्टरी दहा हजारांच्या प्रमाणाने २०० बोटुकल्या, पंपाचे दिवसाचे भाडे आणि डिझेल हा सारा वस्तूंचा खर्च गरीब कुटुंबालाही अगदीच आवाक्याबाहेरचा नाही. खरा भार श्रमाचा आहे. फूटभर गाळ काढायचा म्हणजे सुमारे ६० घनमीटर ओला गाळ उचलायचा. एका माणसाने दिवसाला अडीच घनमीटर काढला तरी २४ दिवसांची मजुरी होते. याच दिवसांत घराचे छप्पर घालायचे असते, शेताचे बांध घालायचे असतात आणि घरातील तरुण बहुधा कामासाठी केरळ किंवा तमिळनाडूत असतो. साहजिकच गाळ तसाच राहतो. बीज आणि चुना यांच्या वाटपापेक्षा मजुरीची तरतूद महत्त्वाची ठरते ती यामुळे. सार्वजनिक रोजगाराच्या कामांत वादळानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तळ्यांचा गाळ काढण्याला अग्रक्रम मिळाला, तर मजुरीही मिळते आणि तळेही वेळेत तयार होते.

सरकारी मदतीचे दर हेक्टरवर बेतलेले असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०१५-२० या काळातील निकषांत मत्स्यतळ्यांचा गाळ काढणे व दुरुस्ती यांसाठी हेक्टरी १२,२०० रुपये मदत होती. आपले तळे हेक्टरचा पन्नासावा भाग आहे. निव्वळ त्रैराशिक मांडले तर वाट्याला २४४ रुपये येतात, म्हणजे एका माणसाची फार तर दिवसाची मजुरी. परसातील तळ्याला क्षेत्रफळाचा नियम लावणे मुळातच गैरलागू आहे; घराच्या नुकसानीप्रमाणे त्यासाठी एकरकमी मदतीचा निकष असणे अधिक न्याय्य ठरेल.

विम्याचीही कथा फारशी वेगळी नाही. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या अंतर्गत प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेला मंजुरी मिळाली. मत्स्यशेतीच्या विम्याला प्रोत्साहन हा तिचा एक भाग आहे. विमा हप्त्याच्या ४० टक्के, परंतु हेक्टरी २५,००० रुपयांच्या मर्यादेत, एकवेळ अनुदान असे तिचे स्वरूप ठरले. दिशा योग्यच आहे. मात्र २०० चौरस मीटरच्या तळ्यासाठी ही मर्यादा ५०० रुपयांवर येते आणि इतक्या लहान तळ्याची पाहणी, नोंद आणि नुकसानीची खातरजमा यांचा कंपनीला येणारा खर्च हप्त्याहून अधिक होतो. एका पाड्यातील पन्नास-साठ तळ्यांचा एकत्रित विमा, आणि भरपाईसाठी प्रत्येक तळ्याची पाहणी करण्याऐवजी गावात शिरलेल्या पाण्याची पातळी किंवा नोंदवलेली क्षारता हा आधार, असे काही केल्याशिवाय हा विमा परसापर्यंत पोचणे कठीण दिसते.

तळे कोणाचे, हाही प्रश्न सरळ नसतो. बंगालमध्ये अनेक तळी एजमाली, म्हणजे भावाभावांत सामाईक असतात. मदत कोणी घ्यायची आणि गाळ कोणी काढायचा, या वादात हंगाम निघून जातो. काही तळी खंडाने दिलेली असतात. मासळी खंडकऱ्याची बुडते आणि भरपाई कागदावरच्या मालकाला मिळते. तळ्याची रोजची देखभाल करणाऱ्या स्त्रीचे नाव तर सातबारासारख्या कोणत्याच उताऱ्यावर नसते. कायद्याचे संरक्षणही आकारावर ठरते. पश्चिम बंगाल अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायदा, १९८४ नुसार पाच कठ्ठ्यांहून लहान जलाशय बुजवण्याला बंदी लागू होत नाही. वादळाने खराब झालेले तीन कठ्ठ्यांचे तळे दुरुस्त करण्यापेक्षा बुजवून टाकणे सोपे वाटू लागते, आणि एकदा बुजवलेले तळे पुन्हा कोणी खोदत नाही.

पुढच्या वादळाआधी

उंच काठ हा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय. कॅनिंग येथील केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेच्या प्रादेशिक केंद्राने सुंदरबनसाठी जमिनीला आकार देण्याची जी पद्धत पुढे आणली, तिचे तत्त्व हेच आहे. शेताच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात तीन मीटर खोल तळे खोदायचे आणि निघालेल्या मातीने उरलेली जमीन व काठ उंच करायचे. परसातही ते लागू पडते. काठ गावातील मागील पुराच्या खुणेपेक्षा हातभर उंच असला तर मध्यम पूर बाहेरच राहतो. बांध फुटला तर मात्र कोणताही काठ पुरत नाही, हेही खरे. काठाभोवती खुंट्या रोवून जाळे ताणण्याची सोय आधीच केलेली असावी. पाणी काठावरून गेले तरी मासे आत राहतात.

हवामान खात्याचा इशारा आता चार-पाच दिवस आधी मिळतो. या अवधीत मोठी मासळी काढून विकावी असा सल्ला दिला जातो आणि एका घरापुरता तो योग्यही आहे. साऱ्या गावाने तो एकाच दिवशी पाळला तर बाजारात भाव कोसळतो, बर्फ मिळत नाही आणि व्यापारी मागेल त्या दराने माल उचलतो. म्हणूनच एप्रिलअखेर आणि सप्टेंबरअखेर, इशाऱ्याची वाट न पाहता, टप्प्याटप्प्याने मासळी काढणे फायद्याचे ठरते. पाण्यावर झुकलेल्या फांद्याही याच सुमारास छाटाव्यात. छाटलेला पाला आणि लाकूड मात्र सोयीसाठी तळ्याच्या काठावर रचून ठेवू नये. पहिल्याच मोठ्या वाऱ्याने ते सारे पाण्यात जाते.